मुलीला जर्मनीच्या उन्हाळी भाषावर्गाला पाठवायचंय: शहर नंतर, आधी तारीख आणि पातळी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी पंधरा वर्षांची, मुंबईत राज्य मंडळाच्या शाळेत नववीत. काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मनचा ए१ पूर्ण झालाय (ही भाषेची सगळ्यात पहिली पातळी, तिच्यावर ए२, मग बी१). येत्या मे महिन्यात तिला दोन आठवडे जर्मनीला पाठवायचंय, सोबत वर्गातली मैत्रीण. एका एजंटने पॅकेज दाखवलंय. शहर कोणतं घ्यावं, व्हिसाचं आणि पैशांचं कसं करावं, आणि दोन आठवड्यांत जर्मन पक्कं होईल का?

शहर सगळ्यात शेवटी ठरवा. आधी तारीख, मग मुलीची पातळी, मग संस्था. हा क्रम उलटा झाला की पैसे भरल्यावर अडचणी कळतात, आणि तेव्हा त्या सोडवायला वेळ उरत नाही.

मुंबईकरांची पहिली गाठ तारखांपाशी बसते. आपली उन्हाळी सुट्टी एप्रिलअखेर ते जूनचा मध्य. जर्मनीत ती प्रत्येक राज्यात वेगळ्या तारखांना असते, पण सगळी मिळून जूनच्या शेवटापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. किशोरांचे निवासी भाषावर्ग भरतात ते तिथल्या निवासी शाळांत आणि युवा वसतिगृहांत. तिथली मुलं सुट्टीवर गेल्याशिवाय या इमारती रिकाम्या होत नाहीत. फ्रान्सचे वर्गही मुख्यतः जुलै-ऑगस्टमध्येच असतात, इंग्लंडचेही तसेच. म्हणजे तिकडचा उन्हाळी वर्ग आपल्याकडे ऐन पावसाळ्यात, शाळा सुरू झाल्यावर येतो. आयबी किंवा आयजीसीएसई या आंतरराष्ट्रीय मंडळांच्या मुलांना जून-जुलैची सुट्टी असते, त्यांचं सहज जमतं. राज्य मंडळ, सीबीएसई आणि आयसीएसईच्या पालकांना मात्र इथेच निवड करावी लागते.

मग मेमध्ये काय मिळतं? वर्षभर चालणाऱ्या भाषाशाळा मिळतात, पण त्या प्रौढांच्या. काही शाळा सोळा पूर्ण झालेल्यांना घेतात. तिथे शेजारच्या बाकावर नोकरीसाठी जर्मन शिकणारा तिशीतला माणूस असतो आणि वर्ग सुटल्यावर मूल कुठे जातं हे कुणी पाहत नाही. पंधरा वर्षांच्या मुलीसाठी हा पर्याय नाही. दुसरा पर्याय शिक्षिकेच्या घरी राहून तिच्याकडेच शिकायचं. हा महाग पडतो, पण भाषा झपाट्याने सुधारते. एकलकोंड्या किंवा फार लाजाळू मुलांना मात्र तो जड जातो, कारण बरोबरीचं कुणीच नसतं. तिसरा पर्याय ईस्टरच्या सुट्टीतले छोटे वर्ग, पण ईस्टर मार्च-एप्रिलमध्ये येतो आणि आपल्या वार्षिक परीक्षांवर आदळतो.

आणि चौथा, तुम्हाला दाखवलेल्या पॅकेजसारखा: मेमध्ये भारतीय मुलांचा गट, सकाळी दोन तास वर्ग, उरलेला दिवस बसमधून फिरणं. सहल म्हणून त्यात काही वाईट नाही. पण त्या मुलांचा सगळा दिवस एकमेकांशी हिंदी-मराठीत जातो. पॅकेज खरंच भाषावर्गाचं आहे का, हे एका प्रश्नात कळतं. एजंटला लेखी विचारा, 'त्या आठवड्यात वर्गात कोणकोणत्या देशांची मुलं असतील?' उत्तरात फक्त भारत आला, किंवा उत्तरच आलं नाही, तर ती सहल आहे असं समजा.

तुमच्या मुलीचं पुढचं वर्ष दहावीचं. बहुतेक क्लासेस दहावीचा भाग एप्रिल-मेमध्येच सुरू करतात आणि जूनच्या मध्यात शाळा उघडते. जूनअखेरचा किंवा जुलैचा वर्ग घेतला तर दहावीचे सुरुवातीचे दोन-तीन आठवडे बुडतील आणि परत आल्यावर तो भाग भरून काढताना जर्मनला हात लागणार नाही. माझा सल्ला सरळ आहे: एक वर्ष थांबा आणि दहावीच्या परीक्षेनंतर, जूनअखेर किंवा जुलैत पाठवा. तोवर ती सोळाची होईल आणि पातळीही वर जाईल. ते का महत्त्वाचं, ते पुढे सांगतो.

दहावीनंतर जायचं तर एकाच गोष्टीची काळजी घ्या: अकरावीचा ऑनलाइन प्रवेश. त्याच्या फेऱ्या जून-जुलैत चालतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ठरलेल्या मुदतीत प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जातं. म्हणून अर्जात मोबाईल नंबर पालकांचाच द्या, कारण ओटीपी त्यावर येतो. मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, असतील ती जातीची वा इतर प्रमाणपत्रं घरी एका फाइलमध्ये ठेवा, आणि आई-वडिलांपैकी एकाने त्या काळात मुंबई सोडू नये. मुलीच्या गैरहजेरीत पालकांनी कागदपत्रं दिली तर चालेल का, हे पसंतीक्रमातल्या पहिल्या दोन-तीन कॉलेजांत आधीच विचारून घ्या.

दोन आठवड्यांत किती जर्मन येतं

हिशेब मांडून पाहू. निवासी वर्गात आठवड्याला साधारण २० तासिका असतात आणि एक तासिका ४५ मिनिटांची. म्हणजे दोन आठवड्यांत ४० तासिका, घड्याळाचे तीस तास. गोएथे इन्स्टिट्यूट या जर्मन भाषासंस्थेच्या मोजणीनुसार शून्यापासून ए१ पूर्ण व्हायलाच ८० ते २०० तासिका लागतात. तेव्हा दोन आठवड्यांत एखादी पातळी 'पूर्ण' होत नाही. कुणी तसं सांगत असेल तर त्या संस्थेपासून लांब राहा. जाहिरातीत 'आठवड्याला २० तास' लिहिलं असेल, तर तास साठ मिनिटांचा की तासिका पंचेचाळीस मिनिटांची, हेही विचारा. एकाच आकड्यात पाच तासांचा फरक निघतो.

मग पाठवायचं कशाला? इथे शिकलेली पण तोंडातून न निघणारी भाषा मोकळी व्हावी म्हणून. आपल्याकडे शाळेत जर्मन किंवा फ्रेंच घेतात ते बऱ्याचदा गुणांसाठी. मुलांना क्रियापदं पाठ असतात, उताऱ्यावरचे प्रश्न सुटतात, पण समोरच्याने साधं 'मीठ दे' म्हटलं तरी दोन सेकंद कळत नाही. ते दोन सेकंद कमी करण्याचं काम तिथल्या जेवणाच्या टेबलावर होतं, खेळाच्या मैदानावर आणि बसच्या प्रवासात होतं. वर्गाचे तीस तास त्या मानाने थोडेच.

ए१ झालेलं मूल गेलं की हेच घडत नाही. त्याला वर्तमानकाळातली पाच-सात वाक्यं येतात आणि संभाषण तिथेच संपतं. टेबलावर इटालियन, स्पॅनिश, तुर्की मुलं असतात. सगळ्यांना थोडंफार इंग्रजी येतं, आणि मुंबईच्या मुलांचं इंग्रजी सहसा त्यांच्यापेक्षा सफाईदार असतं. दुसऱ्या दिवसापासून टेबलाची भाषा इंग्रजी होते आणि आपलं मूल तिथलं सगळ्यात लोकप्रिय इंग्रजी बोलणारं ठरतं. हा मुंबईच्या मुलांना असलेला खास धोका आहे. ए२ पूर्ण झालेल्या मुलाला काल काय झालं ते सांगता येतं, आवड-नावड कारणासह सांगता येते, न कळलेलं पुन्हा विचारता येतं. तेवढ्यावर गप्पा टिकतात. म्हणून माझी किमान अट ए२ पूर्ण ही, आणि बी१ सुरू असेल तर फारच उत्तम. वर्षभर थांबण्याचं हेच मोठं कारण. दहावीचं वर्ष असलं तरी शनिवार-रविवारच्या वर्गाने ए२ डिसेंबरपर्यंत आटोपता येतो. मग परीक्षेनंतर एप्रिल-मेमध्ये फक्त बोलण्याचा सराव ठेवा, आठवड्यातून तीन वेळा अर्धा तास, ऑनलाइन शिक्षकासोबतही चालेल.

मैत्रिणीबद्दल. दोघींना एकत्र पाठवलं तर विमानतळावर तुमची काळजी निम्मी होते आणि भाषेचा फायदाही तेवढाच कमी होतो. प्रवास एकत्र करू द्या, पण खोल्या वेगळ्या आणि वर्गही वेगळे मागा. संस्थेला अर्जातच लिहा की एकाच भाषेची मुलं एका खोलीत नकोत. चांगल्या संस्था ही मागणी आनंदाने मान्य करतात, काहींचा तो नियमच असतो. एकाच शाळेतली दहा-बारा मुलं जाणार असतील तर मी तो वर्ग सुचवणार नाही.

संस्था निवडताना

किशोरांच्या वर्गासाठी गोएथे इन्स्टिट्यूट स्वतः जर्मनीत निवासी अभ्यासक्रम चालवते. मॅक्स म्युलर भवन तिचंच असल्याने चौकशी मुंबईत करता येते. फ्रेंचसाठी न्यू मरीन लाइन्सच्या आलियाँस फ्राँसेजमध्ये विचारा आणि फ्रान्समधली शाळा निवडताना तिच्याकडे 'कालिते एफएलई' हे सरकारमान्य मानांकन आहे का ते पाहा. स्पॅनिशच्या शाळांना इन्स्तितुतो सेर्व्हान्तेस या स्पेनच्या सरकारी भाषासंस्थेची मान्यता असते. इंग्लंडमध्ये ब्रिटिश कौन्सिलचं मानांकन पाहावं. खासगी संस्था वाईट असतात असं नाही, पण मानांकन असलं की निवास, देखरेख आणि शिक्षकांची पात्रता कुणीतरी जाऊन तपासलेली असते.

संस्थेला ईमेलवर विचारायचे प्रश्न, आणि उत्तरंही ईमेलवरच घ्या: वर्गात जास्तीत जास्त किती मुलं (पंधराच्या वर नको), रात्री मुलांच्या मजल्यावर कोण झोपतं, दहा-बारा मुलांमागे एक तरी देखरेख करणारा आहे का, एका देशाच्या मुलांवर मर्यादा आहे का, पातळी चुकली तर पहिल्या दोन दिवसांत वर्ग बदलता येतो का, आणि व्हिसा नाकारला तर किती पैसे परत मिळतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत पैसे भरू नका. बऱ्याच ठिकाणी नकाराचं पत्र दाखवल्यावर नोंदणीशुल्क कापून बाकीचे परत देतात, पण त्यासाठी वर्गाच्या किती दिवस आधी कळवायचं याची मुदत असते.

निवासी की कुटुंबात? पहिल्यांदा जाणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलासाठी निवासी. कुटुंबात राहणं भाषेला चांगलं, पण यजमान सकाळी कामावर जातात, मुलाला बसने स्वतः शाळेत जावं लागतं आणि कुटुंब बोलकं निघेल याची खात्री नसते. इंग्लंडचा एक नियम माहीत असू द्या: सोळा वर्षांखालचं मूल जवळचं नातं नसलेल्या घरी २८ दिवस किंवा जास्त राहणार असेल तर तिथल्या स्थानिक कौन्सिलला (आपल्या पालिकेसारखी संस्था) आधी कळवावं लागतं. महिनाभराच्या वर्गासाठी हे लागू होतं.

शहराबद्दल एवढंच: मोठ्या शहरापेक्षा लहान गाव घ्या. बर्लिनमध्ये दुकानदार मुलांशी इंग्रजीत बोलतो. बव्हेरियाच्या खेड्यात बोलीचा हेल ऐकू येईल, पण वर्गातली भाषा प्रमाण जर्मनच असते, त्याची भीती नको.

व्हिसा

९० दिवसांपर्यंतच्या वर्गाला शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा, अल्पमुदतीचा व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, पण नियमानुसार पंचेचाळीसपर्यंतही लागू शकतात. जर्मनी आणि फ्रान्सचे अर्ज मुंबईत व्हीएफएस ही कंपनी त्यांच्या वतीने घेते, स्पेनचे बीएलएस. अडचण निर्णयाला लागणाऱ्या वेळेची कमी आणि अपॉइंटमेंटची जास्त असते: एप्रिल ते जून सगळी मुंबई युरोपला निघालेली असते. जूनअखेरच्या वर्गासाठी दहावीचा शेवटचा पेपर झाल्याबरोबर, मार्चअखेर किंवा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली वेळ फेब्रुवारीतच घेऊन ठेवा. बारा वर्षांवरच्या मुलांना बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. ती तारीख पेपरवर येणार नाही एवढं पाहा. गेल्या ५९ महिन्यांत शेंगेन व्हिसासाठी ठसे दिले असतील तर तेच पुन्हा वापरता येतात.

त्याआधी पासपोर्ट काढून बघा. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो. दहाव्या-अकराव्या वर्षी काढलेला पासपोर्ट नेमका पंधरा-सोळाव्या वर्षी संपतो. शेंगेनमधून परत निघाल्यानंतर तीन महिने तो वैध हवा आणि दोन पानं कोरी हवीत. नूतनीकरणासाठी दोन्ही पालकांच्या सहीचं परिशिष्ट डी (पालकांचं घोषणापत्र) लागतं. पंधरा ते अठरा वयातल्या मुलांना दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो, तोच घ्या. हे काम आदल्या दिवाळीत उरका.

मुंबईतले अर्ज अडकतात ते बहुतेकदा नावांवर. पालिकेच्या जन्मदाखल्यात मुलाचं नावच नसणं ही नेहमीची गोष्ट. नोंद जन्मावेळी झाली, नाव बारशाला ठेवलं आणि नंतर कुणी लिहून घेतलं नाही. वॉर्ड ऑफिसमधून नाव घालून नवा दाखला मिळायला आठवडे जातात. दुसरं, आईचं नाव. दाखल्यात माहेरचं, पासपोर्टवर सासरचं, बँकेत तिसरंच. अर्ज तपासणाऱ्या जर्मन अधिकाऱ्याला या तीन नावांची बाई एकच आहे हे आपणहून कळत नाही. सोबत विवाह नोंदणीचा दाखला जोडा, तो नसेल तर नोटरीकडून प्रतिज्ञापत्र करून घ्या. तिसरं, मुलीच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून असतं पण वर्गाच्या नोंदणीत फक्त नाव-आडनाव भरलेलं असतं. नोंदणी करतानाच पासपोर्टवर आहे तसं पूर्ण नाव भरा.

बाकी कागद: पैसे भरल्याची पावती आणि राहण्याच्या पूर्ण पत्त्यासह वर्गाचं निश्चितीपत्र, दोन्ही पालकांचं नोटरी केलेलं संमतीपत्र आणि त्यांच्या पासपोर्टच्या प्रती, विमानतळावर कोण घ्यायला येणार याचं संस्थेचं पत्र, पालकांच्या बँकांची अलीकडची स्टेटमेंट्स, आयकर विवरणपत्रं, नोकरीचं किंवा व्यवसायाचं पत्र, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, ज्यात मायदेशी परत आणण्याचा खर्चही धरलेला असेल. पालक विभक्त असतील तर ताबा कुणाकडे हे सांगणारा न्यायालयाचा आदेश. शाळेचं बोनाफाईड आणि ना हरकत पत्रही हवं. ते एप्रिलअखेरपर्यंत मुख्याध्यापकांच्या सहीनिशी घ्या, कारण एकदा शाळा सुट्टीवर गेली की शिक्का मारायला कुणी सापडत नाही. दहावी झालेल्या मुलाने शाळेच्या पत्राऐवजी परीक्षेचं प्रवेशपत्र किंवा निकाल जोडावा आणि अकरावीचा प्रवेश सुरू आहे हे पालकांच्या पत्रात स्पष्ट लिहावं. मूल परत येणार, हे त्यातून दिसतं.

सगळ्या कागदांत तारखा एकच हव्यात. वर्ग रविवारी सुरू, तिकीट शनिवारचं, विमा सोमवारपासून, असा अर्ज हमखास परत विचारणा घेऊन येतो.

व्हिसा शुल्क बारा वर्षांवरच्यांना ९० युरो आहे. शेंगेनच्या नियमांत शिक्षणासाठी जाणाऱ्या शालेय विद्यार्थ्यांना ते माफ करण्याची तरतूद आहे. अर्जाच्या वेळी निश्चितीपत्र दाखवून विचारा. व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क मात्र भरावंच लागतं.

पैसे

फी परदेशी पाठवताना शक्यतो तुमच्या बँकेतून थेट संस्थेच्या खात्यात, शिक्षणासाठी म्हणून पाठवा. पालकाचा पॅन आणि ए२ फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा बँकेचा अर्ज, भाषेच्या ए२शी संबंध नाही) लागतो. फरक इथे आहे: परदेशी पाठवलेल्या पैशांवरचा टीसीएस (पैसे भरतानाच वसूल होणारा आगाऊ कर) आर्थिक वर्षात १० लाख रुपयांच्या वर लागतो, आणि एका उन्हाळी वर्गाचा खर्च सहसा तिथवर जात नाही. पण तोच वर्ग एजंटने विमान, निवास, फिरणं एकत्र करून परदेशी सहल म्हणून विकला तर टीसीएस पहिल्या रुपयापासून लागतो. तो आयकरात वळता करून घेता येतो, तरी तोवर पैसे अडकतात. दर अर्थसंकल्पात बदलतात, भरण्याच्या वेळचा दर बँकेला विचारा.

फीमध्ये काय नाही ते वाचा. विमानतळावरून ने-आण बहुधा वेगळी, आणि तीही ठरलेल्या विमानतळावर ठरलेल्या वेळेतच. चादरी-टॉवेल, कपडे धुणं, सहलीचं तिकीट, खोलीच्या किल्लीची अनामत या रकमा लहान पण रोख द्याव्या लागतात. हातखर्चाला आठवड्याला ५० ते ७० युरो पुरतात. सगळे फॉरेक्स कार्डवर ठेवू नका. साधारण १५० युरो रोख द्या, तेही पाच, दहा, वीसच्या नोटांत. जर्मनीत छोटी दुकानं अजून रोख मागतात आणि शंभराची नोट बघून मान हलवतात. अल्पवयीनाच्या नावे कार्ड देतात का हे बँकेनुसार बदलतं, महिनाभर आधी विचारा.

प्रवास

मुंबईहून फ्रँकफर्ट आणि म्युनिकला थेट विमान आहे. दोन पैसे जास्त पडले तरी तेच घ्या. आखातात रात्री तीन वाजता विमान बदलायला सोळा वर्षांचं मूल एकटं नको. बारा वर्षांवरच्या मुलांना विमान कंपन्या मोठ्यांसारखं एकटं जाऊ देतात, पण पैसे भरून सोबतीची सेवा मागता येते, पहिल्या वेळी घ्या. तिची नोंद तिकिटाबरोबरच करावी लागते, ऐन वेळी मिळत नाही. युरोपात स्वस्त विमानाने पुढे जायचा बेत असेल तर नियम वाचा: रायनएअर सोळा वर्षांखालच्यांना एकटं घेत नाही.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर येण्या-जाण्याची नोंद संगणकात, चेहऱ्याच्या फोटोसह करायला सुरुवात झाली आहे. पहिल्या वेळी रांग लांबू शकते. संस्थेच्या गाडीची वेळ ठरवताना विमान उतरल्यापासून दोन तास धरा. मुलीच्या हातातल्या पिशवीत एक प्लास्टिकची फाइल द्या: निश्चितीपत्र, परतीचं तिकीट, विमा, संमतीपत्र, संस्थेचा चोवीस तासांचा फोन नंबर. सगळं कागदावर, कारण सीमेवर अधिकारी विचारतो तेव्हा मोबाईलला नेट नसतं.

खाणं, औषधं, बॅग

अर्जात नुसतं 'शाकाहारी' लिहिलं तर अंडं येणारच, काही ठिकाणी मासेही. काय चालत नाही ते एकेक लिहा: मांस, मासे, अंडं, जिलेटिन. गोमांस आणि डुक्कर तेवढं नको असेल तर तसंच लिहा, जर्मनीत सॉसेजमध्ये डुकराचं मांस असणं नेहमीचं आहे. जैन जेवण निवासी शिबिरात मिळण्याची आशा धरू नका. कांदा-बटाट्याशिवाय तिथलं स्वयंपाकघर चालत नाही. मुलाने तडजोड करायची तयारी आधीच ठरवलेली बरी.

खाऊ बांधताना युरोपीय संघाचा नियम पाळा: बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. तूप, पेढे, बर्फी, श्रीखंड सगळं बाद. यजमानांसाठी हापूसची पेटी पाठवायची हौस पुष्कळांना असते, पण ताज्या आंब्याला वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, नाहीतर पेटी विमानतळावरच राहते. चिवडा, खाकरे, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट खुशाल द्या.

औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, औषधाच्या मूळ नावाने. शिबिरात ती सहसा कर्मचाऱ्यांकडे जमा होतात. गोवराच्या लशीच्या दोन मात्रांची नोंद मागितली जाते. लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड मराठीत किंवा पुसट असेल तर बालरोगतज्ज्ञांकडून इंग्रजीत लिहून घ्या. दक्षिण जर्मनीत रानात फिरून आल्यावर अंगावर गोचीड बघायला मुलीला शिकवा, दिसली तर तिने स्वतः न ओढता कर्मचाऱ्यांना सांगावं.

जूनअखेरही जर्मनीत सकाळी बारा-तेरा अंश असू शकतं आणि दुसऱ्या आठवड्यात तेहेतीस. पंखे, एसी नसतात. पावसाळी जाकीट, एक स्वेटर, चालून झिजवलेले बूट, प्लगचा अ‍ॅडॉप्टर, चपला. नळाचं पाणी पितात, बाटली सोबत द्या.

संमतीच्या चौकटी

संस्थेच्या फॉर्ममध्ये पालकांनी खुणा करायच्या चौकटी असतात. त्या घाईत भरल्या जातात आणि नंतर त्यांचेच प्रश्न होतात. पोहणं: तळ्यावर नेतात. मुलगी सोसायटीच्या तलावात उथळ टोकाला पोहत असेल तर 'पोहता येतं' असं लिहू नका. तीन-चार जणांच्या गटात गावात सोडावं का: सोळा वर्षांच्या मुलीला हो म्हणा, दुकानात बोलायची संधी तीच. दारू: जर्मन कायद्याने सोळाव्या वर्षी बिअर आणि वाइन चालते. बहुतेक शिबिरांचा स्वतःचा नियम पूर्ण बंदीचा असतो, आणि नियम मोडला तर मूल पालकांच्या खर्चाने परत पाठवतात. मुलीला हे घरीच स्पष्ट सांगा, तिथे सोबतची जर्मन मुलं कायदेशीरपणे पिताना दिसू शकतात.

फोनचं घरी ठरवून घ्या. जर्मनी उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे असते, तिकडचे रात्रीचे आठ म्हणजे इकडे साडेअकरा. पोचल्याचा निरोप, मग दिवसाआड एक मेसेज आणि आठवड्यातून दोन फोन पुरेत. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान रडका फोन येतो, 'मला घरी यायचंय' असा. बऱ्याचदा तो रात्री, दमलेल्या अवस्थेत येतो. 'उद्या सकाळी बोलू' म्हणा, आणि मधल्या वेळात संस्थेला ईमेल करून मुलगी जेवते का, कुणाशी बोलते का, एवढं विचारा. रोज तासभर व्हिडिओ कॉल झाला तर ती त्या टेबलावर बसलेलीच नसते. खरी तक्रार (खोलीतला त्रास, तब्येत, कुणाचं वागणं) वेगळी असते. ती फोनवर ऐकली की लगेच संस्थेच्या चोवीस तासांच्या नंबरवर बोला.

परत आल्यावर पहिला महिना हातचा जाऊ देऊ नका. तिथे मोकळी झालेली जीभ सहा आठवड्यांत पुन्हा जड होते. निघण्यापूर्वीच ऑगस्टच्या बी१ वर्गाचं नाव नोंदवा आणि तिथे झालेल्या दोन-तीन मैत्रिणींशी जर्मनमध्येच लिहायचं ठरवून द्या. संस्थेचं उपस्थितीचं प्रमाणपत्र पुढच्या प्रवेशांत फारसं कामाला येत नाही. पातळीचा दाखला म्हणून गोएथेची परीक्षाच मोजतात, तेव्हा ए२ किंवा बी१ची परीक्षा दिवाळीच्या आधीच्या तारखेला मुंबईतच ठेवा.